तेज घोड्याच्या कुरणात दुसरा घोडा सोडताना

एकटा ठेवलेला घोडा कुंपणाच्या कडेनं दिवसभर येरझारा घालतो, लांब कुठे टापा वाजल्या तरी खिंकाळतो, तबेल्यात घेतला की दारावर लाथा घालतो. त्याला जोडीदार हवा, हे निदान बहुतेक वेळा बरोबर असतं. घोडा कळपात जगणारा प्राणी आहे. राखण करायला दुसरं कुणी नसेल तर तो आडवा पडून झोपही नीट घेत नाही. नवख्या मालकाची चूक पुढे होते. नवा घोडा येतो, दोघांना मोरक्या (दोर अडकवायला तोंडावर चढवायचे पट्टे) चढवल्या जातात आणि दोर हातात धरून तोंडासमोर तोंड आणून ‘ओळख’ करून दिली जाते. दोघं नाकाला नाक लावतात, दोन-तीन सेकंद एकमेकांच्या श्वासाचा वास घेतात, मग एक जण किंचाळतो आणि पुढचा पाय सपकन समोर मारतो. दोर धरलेला माणूस नेमका त्या पायाच्या टप्प्यात उभा असतो.

घोड्यांची ओळख माणसानं करून द्यायची नसते. जागा, कुंपण, चारा आणि पाणी यांची तयारी करायची, भरपूर वेळ द्यायचा आणि बाहेर उभं राहायचं. बाकीचं ते आपसात ठरवतात. ही तयारी धरून सगळ्याला साधारण पाच आठवडे लागतात आणि त्यातले पहिले तीन तर दोघं एकमेकांच्या जवळही येत नाहीत.

आधी आपला घोडा तपासा

अंगातली रग वेगळी आणि त्रासातून आलेला तापटपणा वेगळा. दिवसाला चार-पाच किलो दाणा, तासभर रपेट आणि उरलेला वेळ थानावर बांधलेला, असा घोडा कुणाच्याही सोबतीनं शांत होणार नाही. घोड्याचं मुख्य खाणं गवत आणि वाळला चारा आहे. रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला ६ ते ८ किलो. काम हलकं असेल तर दाणा कमी करा, पण एकदम नको. सात ते दहा दिवसांत थोडा थोडा घटवा. दाढांच्या धारदार झालेल्या कडा, पोटातले अल्सर, खोगिराखाली दुखणारी पाठ यांमुळेही घोडा चावरा आणि लाथाळ होतो. पशुवैद्याकडून हे एकदा बघून घ्या. दुखणाऱ्या घोड्याजवळ दुसरा घोडा नेला की तो आधी त्याला मारतो.

दुसरी परीक्षा तुमची तुम्हीच घ्या. दोराच्या हलक्या इशाऱ्यावर तुमचा घोडा थांबतो का, चार पावलं मागे सरकतो का, मोकळ्या मैदानात तुमच्याकडून मोरकी घालून घेतो का? तीनपैकी एकाचंही उत्तर ‘कधी कधी’ असेल, तर आधी तेवढंच शिकवा. पुढे हेच सगळं दुसरा घोडा शेजारी असताना करावं लागणार आहे. आणि जोडीदार आला की येरझारा थांबतील, खिंकाळणं कमी होईल. हाताला चावणं किंवा दोर हिसडणं थांबणार नाही. ते काम माणसाचंच.

कुणाला आणायचं

तेज घोड्याला गरीब घोडा शोभेल, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात घाबरट घोडा पळत सुटतो आणि पळणाऱ्याचा पाठलाग होतो. हवा तो ठाम स्वभावाचा, मध्यम वयाचा, आधी कळपात राहिलेला घोडा: समोरच्यानं कान पाडले तर दोन पावलं बाजूला होणारा, फारच झालं तर पाठ फिरवून मागचा पाय उचलून दाखवणारा आणि लगेच पुन्हा गवताला तोंड लावणारा. आईविना माणसांच्या हातावर वाढलेल्या किंवा आयुष्यभर एकट्या राहिलेल्या घोड्यांना घोड्यांची भाषा धड येत नाही. समोरच्याची धमकी त्यांना कळत नाही आणि ते मार खातात.

उंचीत फार फरक नको. थोराड घोड्याची लाथ त्याच्या बरोबरीच्या घोड्याला मांडीवर लागते, तट्टाला तीच छातीवर किंवा तोंडावर बसते. खच्ची न केलेला घोडा नवख्यानं आणूच नये. नुकताच खच्ची केलेलाही पुढचे सहा आठवडे घोडीपासून लांब ठेवायचा असतो; या काळात गर्भ राहू शकतो आणि वागणं तर बहुतेक वेळा जुनंच असतं. लहान शिंगरू जोडीदार म्हणून आणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. शेळी किंवा गाढव चालेल का, असं बरेच जण विचारतात. काहीच नसण्यापेक्षा बरं, एवढंच म्हणता येईल. गाढवाच्या फुप्फुसात जंत असू शकतात, त्याला त्यांचा फारसा त्रास दिसत नाही, पण घोड्याला खोकला लागतो. म्हणून गाढवाची शेण-तपासणी आधी करा.

विकणाऱ्याला नेमकं विचारा. हा कळपात राहिलाय का? चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या वेळी दुसऱ्यावर धावतो का? जोडीदाराला बाहेर नेलं तर एकटा थांबतो का? लॅमिनायटिस (खुराच्या आतला दाह) झाला होता का? शेवटचा प्रश्न यासाठी की त्या आजाराच्या घोड्याला हिरवं गवत मोजून द्यावं लागतं, मग दोघांना एकाच कुरणात ठेवणं अवघड होतं. शक्य असेल तर महिन्याभराच्या चाचणीवर घ्या, परत करण्याची अट कागदावर लिहून.

पहिले तीन आठवडे वेगळं थान

नवा घोडा दिसायला ठणठणीत असतो, इथेच घोडं पेंड खातं. स्ट्रँगल्स हा घशाच्या गाठी पिकवणारा आजार संसर्गानंतर साधारण ३ ते १४ दिवसांत दिसतो. काही घोडे बरे होऊनही घशाजवळच्या पोकळीत जंतू बाळगून असतात. म्हणून किमान २१ दिवस वेगळं ठेवायचं, चार आठवडे जमले तर अधिक चांगलं. नाकाला नाक लागणार नाही, खोकल्याचे तुषार पोचणार नाहीत इतकं, निदान दहा मीटर अंतर हवं. इन्फ्लुएंझा हवेतून याहूनही लांब जातो, त्यामुळे जागा असेल तितकी वापरा. मात्र लांबून का होईना, घोडा दिसू द्या. पूर्ण एकांतात नवा घोडा सैरभैर होतो.

बादली, खरारा, ब्रश, मोरकी, झाडू, सगळं वेगळं. एकाच माणसाला दोघांचं करायचं असेल तर आधी जुन्याचं, मग नव्याचं. हात धुवून आणि बूट बदलूनच परत. रोज सकाळ-संध्याकाळ ताप बघून वहीत लिहा. प्रौढ घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. स्ट्रँगल्समध्ये ताप आधी चढतो आणि जंतू बाहेर पडायला त्यानंतर एक-दोन दिवसांनी सुरुवात होते, म्हणून शेंबूड दिसायची वाट बघण्यापेक्षा थर्मामीटर कामाला येतो. ३८.५ च्या वर गेला की पशुवैद्याला बोलवा.

याच काळात बाकीची कामं उरकतात: रक्ताच्या तपासण्या (ग्लँडर्स किंवा सर्रा हे घोड्यांचे गंभीर आजार असलेल्या भागातून घोडा येत असेल तर त्या खरेदीआधीच), दोघांचीही धनुर्वाताची लस, शेण-तपासणी करून जंताचं औषध. औषध दिल्यावर दोन-तीन दिवस त्याला सामायिक कुरणात जाऊ देऊ नका, नाहीतर बाहेर पडलेली अंडी तिथेच पडतात. पहिल्या घरचा चारा थोडा मागून घ्या आणि आठ-दहा दिवसांत तुमच्याकडच्या चाऱ्यावर आणा. जागेचा बदल आणि चाऱ्याचा बदल एकाच दिवशी झाला की पोटशूळ उठायला निमित्त मिळतं.

मैदान

दोन घोड्यांसाठी निदान अर्धा एकर, म्हणजे ४० बाय ५० मीटरचा तुकडा धरा. एकर असेल तर फारच चांगलं. लांबट, अरुंद पट्टा याच क्षेत्रफळाचा असला तरी कामाचा नाही, कारण तिथे दुसऱ्याला ओलांडून पलीकडे जाता येत नाही. नव्या घोड्याला लागलेल्या बऱ्याच जखमा या जुन्या घोड्यानं दिलेल्या नसून कुंपणानं आणि कोपऱ्यानं दिलेल्या असतात. पळणारा घोडा काटकोनात शिरला की मागच्याच्या दुगाण्या खाण्याशिवाय त्याला वाट राहत नाही. म्हणून प्रत्येक कोपऱ्यापासून तीन-चार मीटर आत तिरपी आडकाठी लावून कोपरा बोथट करा. काठ्या किंवा रुंद पट्टी, काहीही चालेल, दिसली पाहिजे.

काटेरी तार असेल तर हा बेत तिथेच थांबवा. बारीक तारही धावत्या घोड्याला दिसत नाही. चार सेंटिमीटर रुंदीची विजेच्या कुंपणाची पट्टी किंवा घट्ट लाकडी आडवे, १.४ मीटर उंचीचे, हे सुरक्षित. जाळी असेल तर तिची भोकं खुरापेक्षा लहान हवीत. एकच दार असलेली शेड त्या दिवशी बंद ठेवा. आत कोंडला गेलेला घोडा सुटू शकत नाही. पाणी दोन ठिकाणी, एकमेकांपासून लांब. अवजारं, दगडांचे ढीग, सुटी तार उचलून टाका. जमीन निसरडी असेल तर दिवस पुढे ढकला.

कुंपणाआडून दहा दिवस

विलगीकरण संपलं की दोघांना शेजारच्या तुकड्यांत ठेवा, पण मध्ये दोन कुंपणं आणि त्यांच्यात दोन-तीन मीटरची मोकळी पट्टी. पहिल्या दिवशी दोघं धावतील, शेपट्या उभारून फुरफुरतील, कुंपणाशी जाऊन ओरडतील. चाऱ्याचे ढीग आधी कुंपणापासून लांब ठेवा आणि रोज थोडे जवळ सरकवा. पाठी वळवून किंवा शेजारी उभे राहून दोघं निवांत चरू लागले, की मधली पट्टी काढायची वेळ आली. काही जोड्यांना तीन दिवस पुरतात, काहींना दहा.

मधलं कुंपण एक झालं की नाकं लागतील. इथे पुढचा पाय मारण्याचा धोका खरा आहे: पाय आडव्या काठ्यांमधून जातो आणि अडकतो. म्हणून भेटीची जागा खाली भरीव फळ्यांची आणि वर मोकळी असावी, किंवा तबेल्याच्या जाळीच्या खिडकीतून भेट घडवावी. पंधरा-वीस मिनिटं, तुमच्या नजरेसमोर. उरलेल्या वेळात पट्टी परत लावा. किंचाळणं म्हणजे भांडण नव्हे. घोड्यांच्या पहिल्या भेटीत ते असतंच. घोडी माजावर असेल तर तिचं किंचाळणं आणि मुतणं वाढेल. घोडीचं चक्र साधारण २१ दिवसांचं आणि माज पाच ते सात दिवसांचा. एकत्र सोडण्याचा दिवस त्यातून वगळा.

याच दिवसांत दोघांना दोराला धरून एकत्र फिरवता येतं. दोन माणसं, दोन घोडे, मध्ये चार-पाच मीटर अंतर, दोघांची तोंडं एकाच दिशेला. माणसं घोड्यांच्या आतल्या बाजूला येणार नाहीत, म्हणजे दोन घोड्यांच्या मध्ये सापडणार नाहीत, हे आधी ठरवून घ्या. तेज घोडा अनुभवी माणसाच्या हाती द्या. तो तुमचा आहे म्हणून तुम्हीच धरायला हवा, असं काही नाही. चालत राहायचं, थांबून वास घेऊ द्यायचा नाही. डोक्यावर हेल्मेट, पायात जाड बूट, हातात मोजे, आणि दोर हाताभोवती कधीही गुंडाळायचा नाही.

सोडण्याचा दिवस

दोन-तीन दिवस आधी नालबंदाला बोलावून दोघांचेही मागचे नाल काढून घ्या. नालाच्या लाथेनं हाड मोडतं, नुसत्या खुराच्या लाथेनं बहुतेक वेळा सूज येते. त्या आधीच्या दिवसांत नव्या घोड्याला एकट्याला मैदान दाखवा: कुंपणाच्या कडेकडेनं दोन फेऱ्या, दोन्ही पाणवठे, मग तास-दोन तास मोकळा. पळायची पाळी आली तर कुठे वळायचं ते त्याला माहीत हवं. तुमचा घोडा जागेवर हक्क सांगणारा असेल तर दोघांनाही परकं असलेलं मैदान त्याहून बरं.

सकाळची वेळ निवडा, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येईल. दोघांचं पोट चाऱ्यानं भरलेलं असू द्या, दाणा मात्र देऊ नका. तेज घोड्याला नेहमीचा हलका व्यायाम झालेला असावा. दमवून घाम काढू नका. मैदानात चाऱ्याचे चार ढीग, एकमेकांपासून आठ-दहा मीटरवर. घोडे दोन आणि ढीग चार, म्हणजे एका ढिगावरून हाकललेल्याला जायला जागा उरते. पशुवैद्याला आधी फोन करून ठेवा.

आधी नवा घोडा आत सोडा, तो चारा खायला लागला की दुसरा. सोडताना घोडा दारातून आत घेऊन पूर्ण वळवायचा, त्याचं तोंड तुमच्याकडे आणि तुमची पाठ दाराकडे. मग मोरकी काढून दोन पावलं मागे आणि बाहेर. घोड्याचं तोंड मैदानाकडे असताना मोरकी काढली तर तो आनंदानं उधळतो आणि जाता जाता मागचे पाय झाडतो. मोरकी घालूनच सोडायची असेल तर ताण बसल्यावर तुटणारी, चामड्याच्या पट्ट्याची. नायलॉनच्या मोरकीत दुसऱ्याचा खूर अडकतो.

आत पाऊल टाकायचं नाही. खिशात गूळ-गाजरं नकोत, हातात बादली तर मुळीच नको. हाकाही मारू नका. तुमचा घोडा तुमच्या आवाजाकडे येईल आणि दुसरा त्याच्या मागे.

पहिली दहा-वीस मिनिटं धावपळ होईल. कान मागे टाकून, मान खाली लांबवून एक जण दुसऱ्याला हाकलेल. कान पाडणं, दात दाखवणं, पार्श्वभाग फिरवणं, हवेत लाथ मारणं, मानेवर किंवा ढुंगणावर एखादा चावा घेऊन केस काढणं, हे सगळं चालतं. नजर एकाच गोष्टीवर ठेवा: पळणारा लांब गेल्यावर हाकलणारा थांबतो का? थांबत असेल तर सगळं ठीक आहे. त्याला अंतर हवं होतं, ते मिळालं. तोंड उघडं ठेवून, थांबलेल्यावरही पुन्हा पुन्हा धावणं, कोपऱ्यात गाठून दोन्ही पायांनी अंगावर लाथा मारणं, गुडघ्यांनी दाबून मान पकडणं, किंवा पळणारा घामानं भिजून कुंपणावर छाती टेकू लागणं, यातलं काही दिसलं की त्यांना वेगळं करा.

वेगळं कसं करायचं हे आधी ठरलेलं असावं. बाजूच्या तुकड्याचं फाटक उघडा. मार खाणारा बहुतेक वेळा स्वतःच निसटतो. बाहेरून डबा वाजवा, लांब काठीला बांधलेलं फडकं हलवा. दोघांच्या मध्ये शिरून मोरकी पकडायला जाणं, हे करू नकाच. शांत झाल्यावर आधी हाकलणाऱ्याला बाहेर घ्या, कारण दारात अडकलेल्या नव्या घोड्यावर तो मागून धावेल. दोन-तीन दिवस पुन्हा कुंपणाआड ठेवून मग नव्यानं प्रयत्न करा. तीन-चार प्रयत्नांनंतरही असंच होत असेल तर ही जोडी जमणारी नाही, घोडा परत करा.

पहिल्या दिवशी दोन तास पुरे. पुढे रोज वाढवत न्या, रात्री आठवडाभर तरी वेगवेगळे. दोघं शेजारच्या ढिगांवर खाऊ लागले, एक आडवा पडला असताना दुसरा उभा राहिला, एकमेकांची मान आणि खांद्याचा उंचवटा दातांनी खाजवू लागले, की रात्रीही एकत्र ठेवायला हरकत नाही. नुसती भांडणं थांबली म्हणून घाई करू नका. एक जण दुसऱ्याला पाण्यापाशी येऊच देत नसेल तर ते लांबून शांतच दिसतं. म्हणून हौदातलं पाणी आणि प्रत्येकाची लीद मोजत जा. घोडा दिवसाला साधारण २५ ते ५० लिटर पाणी पितो.

लागलंय का, ते बघणं

रोज संध्याकाळी दोघांच्या चारही पायांवरून हात फिरवा. गेलेले केस, साधं खरचटणं, सुजलेला स्नायू फार गंभीर नसतो. सांध्याजवळची किंवा पायाच्या मागच्या कंडरेजवळची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीजवळची) बारीक, खोल जखम मात्र लहान दिसली तरी त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा. जंतू सांध्यात शिरले तर घोडा कायमचा अधू होऊ शकतो. पुढच्या पायात गुडघ्याच्या वर किंवा मागच्या पायात ढोपराच्या (मागे टोक आलेल्या मधल्या सांध्याच्या) वर, आतल्या बाजूला लाथ लागून घोडा लंगडत असेल तर त्याला चालवू नका. तिथे हाडावर मांस नसतं, बारीक तडा जातो आणि तो पहिल्या एक्स-रेत दिसतोच असं नाही.

चंदी आणि चिकटलेली जोडी

चारा एकत्र, दाणा कायम वेगळा. प्रत्येकाला त्याच्या थानावर बांधून, नाहीतर तोबरा (तोंडाला अडकवायची दाण्याची पिशवी) चढवून, आणि दोघांचं संपल्यावरच एकत्र सोडायचं. बादली घेऊन दोन मोकळ्या घोड्यांत जाणं महिन्यांनंतरही धोक्याचं. भांडण तुमच्यासाठी नसलं तरी लाथ तुम्हाला लागते.

दोनच घोडे असले की नवी अडचण उभी राहते: एकाला बाहेर काढलं की दुसरा वेडापिसा होतो. पहिल्या आठवड्यापासूनच याची सवय लावा. एकाला डोळ्यांसमोर पाच मिनिटं बाजूला न्यायचं, मागे राहणाऱ्यापुढे चारा टाकायचा, दोघं शांत असतानाच परत आणायचं. मग दहा मिनिटं, मग कोपऱ्यापलीकडे, मग रपेटीला. नेण्याची पाळी बदलत राहा, नाहीतर मागे राहणारा नेहमी एकच ठरतो. मागे राहणाऱ्याला आधी काही दिवस तबेल्यात ठेवा. उघड्या कुरणात एकट्यानं वाट बघणारा घोडा कुंपण ओलांडायला बघतो, त्यातही तेज असेल तर हमखास.

मागचे नाल महिनाभर तरी परत ठोकू नका. ठोकल्यानंतरचे दोन दिवस चाऱ्याचे ढीग पुन्हा चार करा.